अवधूत आणि चिटणीस

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेल्या अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची जी यादी सांगितली आहे, तिच्यात पंचमहाभूते आहेत, चंद्र आणि सूर्य आहेत, समुद्र आहे, पिंगला नावाची गणिका आहे, आणि यांच्याच पंक्तीला कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी व भृंगाने धरून आणलेली अळी असा प्राण्यांचा बराच मोठा मेळाही बसलेला आहे. एकनाथांनी याच स्कंधावर आपली टीका लिहिली. ती पैठणास आरंभिली आणि शके १४९५ त, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीस पुरी केली. आणि तेव्हापासून चातुर्मासात पोथी लावण्याची चाल ज्या ज्या घरात टिकली, तेथे तेथे ज्यांनी जन्मात अजगर पाहिला नव्हता अशा माणसांनाही तो संतोषाचा गुरू म्हणून ठाऊक झाला. आमच्या घरी ही पोथी आजोबा वाचीत आणि मी निरांजनाच्या उजेडात त्यांच्या मांडीशी बसून ऐकत असे. सृष्टीकडे कसे पाहावे हे शिकवणारा याहून थोर ग्रंथ असणे शक्य नाही, अशी पुष्कळ वर्षे माझी प्रामाणिक समजूत होती. ती अजूनही सर्वस्वी गेलेली नाही. परंतु तिच्यात एक शंका शिरली आहे, आणि ती अशी की, या सगळ्या गुरूंपैकी एकालाही अवधूताने ‘बाबा रे, तुझे स्वतःचे काय चालले आहे?’ असे विचारलेले दिसत नाही.

कपोताची पिले पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागून माता आणि पिता त्याच जाळ्यात जाऊन पडतात, आणि अवधूत तेथून आसक्तीचा धडा घेऊन पुढे निघतो. कपोत जाळ्यातच राहतो. हे मी अवधूताला दूषण देण्यासाठी म्हणत नाही. तो मुमुक्षू होता, आणि ज्याला जे हवे असते ते तो वाटेवरच्या प्रत्येक वस्तूत धुंडाळतो. पण ‘हवे असणे’ हेच ज्याच्या उपदेशात सर्व दुःखाचे मूळ ठरले, त्यानेच सृष्टीच्या दारी मात्र सतत झोळी पसरून उभे राहावे, तिच्यापाशी भाकरी नव्हे तर बोध मागावा, धन नव्हे तर दृष्टान्त मागावा, यात काही विसंगती आहे की नाही? सृष्टीकडून उपदेशसुद्धा न मागता तिच्याकडे पाहता येईल काय; आणि पाहता आले, तर त्या पाहण्याला उपासना म्हणावे की नुसता छंद? हा प्रश्न मला कोणत्याही दर्शनग्रंथाने घातलेला नाही. तो घातला मुंबईच्या एका मद्यविक्रीच्या पेढीत काम करणाऱ्या इंग्रजाने.

वॉल्टर सॅम्युएल मिलार्ड हे १८८४ साली, विशीच्या उंबरठ्यावर, मुंबईस आले ते हर्बर्ट फिप्सन यांच्या पेढीत मदतनीस म्हणून. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ला फोर्टातील फॉर्ब्स स्ट्रीटवरच्या याच पेढीत बसायला जागा मिळाली होती आणि फिप्सन पुढे तिचे मानद चिटणीस झाले, तेव्हा एका बाजूस बाटल्या-पिंपांचा जमाखर्च आणि दुसऱ्या बाजूस साप, शिंगे, अंडी व कातडी यांची आवक-जावक, असा तो दुहेरी संसार होता. फिप्सन यांच्या मागून ही चिटणिशी मिलार्ड यांच्याकडे आली आणि १९०६ पासून १९२० पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मानद म्हणजे बिनपगारी, हे सांगायला नकोच. पण बिनपगारी माणसाला काम कमी असते अशी जी एक समजूत कचेऱ्यांतून आढळते, तिचा येथे काही उपयोग नाही. संस्थेचे नियतकालिक त्यांनी संपादिले. हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी १९११ त सुरू झाली ती त्यांच्या खटपटीने आणि लोकांकडून गोळा केलेल्या वर्गणीवर. आणि सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट धर्मगुरू व वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांच्या जोडीने त्यांनी हिंदुस्थानातील सुंदर वृक्षांवर जी लेखमाला लिहिली, तिचे पुढे १९३७ त पुस्तक झाले. धर्मगुरू आणि मद्यविक्रेता एका झाडाखाली उभे राहून त्याच्या पाकळ्या मोजीत आहेत, हे चित्र मला फार आवडते. हा सगळा तपशील दफ्तरी नमूद आहे. मी मात्र मिलार्डना स्मरतो ते एका भेटीसाठी.

१९०८ च्या सुमारास, आईबाप लहानपणीच गेल्यामुळे खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाने आपल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. चिमण्या त्याने पूर्वीही पाडल्या होत्या; पण हिच्या गळ्यावर, जणू जेवताना कालवण सांडावे तसा, एक पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे शिकारी आणि सोसायटीचे सभासद, पण त्यांनाही तिची ओळख पटेना. त्यांनी चिटणीसांच्या नावे चिठ्ठी लिहून भाच्यालाच तिकडे पाठवले. गोऱ्या साहेबासमोर इतक्या जवळून उभे राहण्याचा त्या मुलाचा तो पहिलाच प्रसंग. हातात मेलेली चिमणी, आणि छाती धडधडत असलेली. चिटणीसांनी ती पाहिली आणि नाव सांगितले: पीतकंठी चिमणी.

काम येथेच संपले होते. पेढीचा माणूस, वेळ मोलाचा, समोर एक पोर. मुलाच्या डोक्यावर थोपटून त्याला वाटेला लावले असते तर त्यात कोणी अन्याय म्हटला नसता. वडीलधारेपणाच्या अधिकारात पक्षी मारू नयेत असे चार शब्द सुनावता आले असते. एवढ्याशा चिमणीच्या गळ्यावर सुद्धा ईश्वराने कसा रंग भरला आहे पाहा, असेही म्हणता आले असते, आणि मिलार्ड ज्या समाजात जन्मले तेथे तसे म्हणण्याची रीतही होती. यांतले काही न करता ते उठले आणि एकामागून एक खण उघडून त्या मुलाला दाखवू लागले.

ज्यांनी असे खण पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी कपाट असते, त्याला उथळ पण रुंद असे खण असतात, खण ओढला की डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो, आणि आत पांढऱ्या कापसाच्या डोळ्यांचे पक्षी उताणे, ओळीने, पंख अंगाशी मिटून निजलेले असतात. पाय एकावर एक घेऊन दोऱ्याने बांधलेले, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक अक्षरात गाव, तारीख, नर की मादी, आणि पाडणाराचे नाव. चिमण्यांच्या एका खणात, दुरून पाहणाऱ्याला सारख्याच वाटणाऱ्या, वीस-पंचवीस चिमण्या असू शकतात, आणि मग कोणी बोट ठेवून दाखवले की त्या पाहता पाहता वेगवेगळ्या होऊ लागतात: या गालाचा रंग, ही चोच, हा पंखावरचा पट्टा. मुलाने त्या दिवशी जे पाहिले ते हे. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याचे कातडे सोलून, पेंढा भरून जतन करण्याची विद्या शिकवण्याची तजवीज केली, आणि स्वतःचा संग्रह कर म्हणून सांगितले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. सत्तरांहून अधिक वर्षांनी, १९८५ त, त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नावच त्यांनी त्या चिमणीवरून ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे ठेवले.

येथे अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या परंपरेतला वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. ज्या विद्येचा आरंभ मारण्यापासून होतो आणि जिचे देवघर मेलेल्या पक्ष्यांनी भरलेले आहे, तिला उपासना कोणत्या तोंडाने म्हणणार? याच मुलाने त्याच सुमारास तबेल्यातल्या एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवून, सात दिवसांत एकामागून एक आठ नर मारले आणि दर वेळी मादीने नवा नर मिळवला हे वहीत टिपून ठेवले. इतकी निष्ठुर आणि इतकी स्वच्छ नोंद माझ्या वाचनात दुसरी नाही. मी वकिली करणार नाही. त्या काळी दुर्बिणी बेताच्या होत्या, पक्षी हातात घेतल्यावाचून त्याची जात ठरवता येत नसे, ही सबब खरी आहे. पण सबब ती सबबच. ज्यांनी पुढे भरतपूरच्या पाणथळीसाठी आणि सायलेंट व्हॅलीच्या अरण्यासाठी आपले वजन खर्ची घातले त्यांच्या हातून हे झाले होते, म्हणून ते पुसले जात नाही. तरी एक गोष्ट मला नोंदवली पाहिजे. आपल्या पोथीतला कपोत कोणत्याही गावचा नाही, तो कोणत्याही तिथीला मेला नाही. तो सर्व कपोतांचा मिळून एक कपोत आहे, आणि म्हणून खरे पाहता तो कोणीच नाही. खणातल्या पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी आहे. मारणाराने त्याच्यावर अन्याय केला, परंतु तो कोण होता हे तरी तो विसरला नाही. दृष्टान्तात वापरल्या गेलेल्या प्राण्याला एवढाही दाखला मिळत नाही.

सोसायटीच्या जन्माची हकीकतही या प्रश्नाशी अगदीच असंबद्ध नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, ज्याला आज भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात, जे आठ गृहस्थ जमले त्यांत दोघे आपले होते आणि दोघेही डॉक्टर होते. एक वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन. दुसरे आत्माराम पांडुरंग, व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू आणि १८६७ त स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष. मूर्तीपुढे हात न जोडण्याचा निश्चय केलेला पुरुष सरडे आणि फुलपाखरे यांचा विचार करण्यासाठी भरलेल्या सभेस हजर राहतो, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटले तरी तसे ते नाही. मधला पुजारी दूर सारून ईश्वराकडे सरळ जावे असे ज्यांना वाटले, त्यांना मधला पोथीवाला दूर सारून सृष्टीकडे सरळ जावे असे वाटणे ओघानेच आले. मात्र त्या पिढीच्या सुधारकांचा सृष्टीविषयीचा आवडता युक्तिवाद पाहिला तर तो असा, की एवढी सुव्यवस्थित रचना आहे तर रचनाकार असलाच पाहिजे. म्हणजे पुन्हा सृष्टीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून तिची ईश्वराविषयी जबानी घेणेच झाले. पोथीने तिच्याकडून बोध घेतला, सुधारकाने तिच्याकडून साक्ष घेतली, आणि दोघांनाही तिचे तोंड आपल्याला हवे तेवढेच उघडायला हवे होते. सोसायटीने तर तिचे कातडेच घेतले, असे येथे कोणी म्हणेल. ते मी वर मान्य करून चुकलो आहे.

त्या आठांतलाच एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हा साताऱ्यात जन्मलेला, काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिनचा शिक्षक असलेला, आणि पुढे जकात व मीठ खात्यात नोकरी करताना मिठागरे, बंदरे आणि सरहद्दीचे नाके हिंडलेला माणूस. ‘एहा’ या नावाने त्याने जे लिहिले त्यात घराभोवतीच्या कावळ्या-चिमण्यांकडे, बेडकांकडे आणि मुंग्यांकडे असे पाहिले आहे की, वाचताना एखाद्या हुशार कारकुनाने शेजारपाजारच्या बित्तंबातम्या सांगाव्यात तसे वाटते. कावळ्यावर तर त्याचा विशेष लोभ. लोभ म्हणजे राग. आमच्या आजीचाही कावळ्याशी नित्य व्यवहार होता. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञाचा हा उरलासुरला अंश ती दररोज पाळी: जेवणापूर्वी भाताचा एक घास अंगणातल्या दगडावर. आता यज्ञ भूतांचा, म्हणजे प्राणिमात्रांचा. पण कावळा आला की आजीच्या डोळ्यांपुढे कावळा नसे, तिचे सासू-सासरे असत. आणि एहाच्या डोळ्यांपुढे कावळा असे, आणि तो त्याच्या टेबलावरचा टोस्ट पळवीत असे. या दोहोंपैकी कावळ्याला अधिक मान कोणी दिला, याचा निर्णय मला देववत नाही. घास मात्र आजीनेच दिला.

पण हे सगळे इंग्रज साहेबांचे आणि पुस्तकांतले. मला स्वतःला हा प्रश्न जेथे बोचला ती जागा म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका घराच्या दाराची चौकट. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ तेथे राहत. आम्ही मुले त्यांना अण्णा म्हणत असू, आणि त्यांचे नाव येथे देत नाही, कारण त्यांना ते मुळीच रुचले नसते. रविवारी सकाळी जो येईल त्याला ते नदीकाठी घेऊन जात, कोणाकडून छदाम घेत नसत, आणि कोणी आले नाही तर एकटेच जात. हातात एक भिंग, काखेत वहीचे बाड. नोकरीभर सात-बाराचे उतारे, फेरफार आणि हजेरीपट यांवर झिजलेले ते अक्षर आता तांबटाने घरट्याचे भोक पाडायला कोणत्या तारखेस आरंभ केला आणि पहिला पावशा कोणत्या दिवशी ओरडला, यावर झिजत होते. त्यांच्या वह्यांतला मजकूर सरकारी पंचनाम्यासारखा असे. ‘आज रोजी सकाळी समक्ष पाहिले’ असाच आरंभ.

एका वर्षी श्रावणात आमच्या विठ्ठलमंदिरात एका बुवांचे कीर्तन झाले आणि त्यांनी पूर्वरंगात कीटभृंगाचा दृष्टान्त लावला. तो सर्वांना ठाऊक आहे. भृंग, म्हणजे जिला आपण कुंभारीण म्हणतो ती कंबर चिमटलेली गांधीलमाशी, एक अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेर गुणगुणत राहते. अळी भयाने अहोरात्र तिचेच ध्यान करते, आणि त्या ध्यानाच्या बळाने देह न टाकताच भृंगरूप होऊन बाहेर पडते. त्याचप्रमाणे देवाचे अखंड चिंतन करणारा देवच होतो. बुवांचा गळा गोड होता. मी घरी आलो तो भारावूनच. आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या चौकटीवर मला तेच घर दिसले.

बोराएवढी मातीची कुपी, वर तांब्यासारखी मान आणि मानेला बाहेर वळवलेला काठ. कुंभारीण ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येई, पुढच्या पायांनी ती काठावर लांबवी आणि जाई. दर खेपेस एक नवी ओली पट्टी, आधीच्या कोरड्या पट्टीहून काळसर. मी तेथे दोन दिवस जेवणाची वेळ चुकवून बसलो. मग ती हिरवी अळी घेऊन आली, स्वतःच्या अंगाइतकी लांब, आणि त्या मानेतून तिला आत ढकलू लागली. त्यामागून दुसरी आणली, तिसरी आणली. मला शंका आली की एका देवासाठी इतके भक्त कशाला? अखेर तिने तोंड लिंपले. गुणगुणली वगैरे काही नाही. निघून गेली ती गेलीच.

अण्णांनी विचारले, “फोडायचं?” मी मान डोलावली. त्यांनी चाकूच्या टोकाने एका अंगाची माती अलगद काढली आणि भिंग माझ्या हातात दिले. आत चार अळ्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, काडीने डिवचले की एखादीचे शेपूट किंचित हलत असे, आणि चालता मात्र एकीलाही येत नव्हते. आणि छताला, कोळ्याच्या धाग्याहूनही बारीक अशा दोरीने, एक पिवळसर लांबट अंडे टांगलेले होते. “हे फुटलं की आतली अळी या चारींना खाऊन वाढेल,” अण्णा म्हणाले. “ताज्या राहाव्यात म्हणून मारल्या नाहीत, नुसती नांगी मारून लुळ्या केल्यात.”

मला भडभडून आले. ते अळ्यांसाठी की कीर्तनासाठी, हे आज सांगता येणार नाही. मी विचारले, “मग बुवा खोटं सांगतात?” अण्णांनी फोडलेली कुपी पुन्हा ओल्या मातीने लिंपण्याचा एक व्यर्थ प्रयत्न चालवला होता, त्यांनी वर न पाहताच उत्तर दिले, “बुवांना विचारू नकोस हो. त्यांचं कीर्तन चांगलं असतं.”

या उत्तराचा मी पुष्कळ वर्षे राग धरून होतो. मला त्यात भित्रेपणा दिसे. आता तसे वाटत नाही. ज्या कोणी प्रथम हा दृष्टान्त रचला त्याचे डोळे मिटलेले नव्हते. घरात अळी गेली, तोंड बंद झाले, काही दिवसांनी त्याच घरातून भृंग बाहेर पडला, एवढे त्याने बरोबर पाहिले होते. निरीक्षण खोटे नव्हते, अपुरे होते. राहिले होते ते फक्त एका अंगाची माती काढून पाहणे. आणि जेथे त्या जुन्या पाहणाराने पुरते पाहिले तेथे तो चुकलेलाही नाही. कोळी आपल्यातूनच जाळे काढतो आणि ते पुन्हा गिळतो, हे अवधूताने परमेश्वराच्या सृष्टिसंहाराला लावले. आणि अंगणात चाकासारखी जाळी विणणारे कित्येक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात. मांसाचा तुकडा घेतलेल्या कुररावर दुसरे पक्षी तुटून पडतात, तो तुकडा टाकतो आणि सुटतो, हेही मासळीबाजारावरच्या घारींत कोणालाही पाहता येईल. तेव्हा अवधूत आणि चिटणीस यांतला फरक दृष्टीच्या तीक्ष्णतेचा नाही. अवधूताची दृष्टी आपल्याला हवे ते मिळताच प्राण्यावरून उठते. चिटणीसाची तेथेच बसून राहते.

आणि म्हणून, फळाची इच्छा सोडून कर्म करावे असे गीता सांगते तेव्हा मला त्या बिनपगारी चिटणीसाची आठवण होते, पण ती तो बिनपगारी होता म्हणून नव्हे. पगार न घेणे हा निष्कामतेचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. पगार न घेता मान घेणारे, कृतज्ञता घेणारे आणि निदान शिष्य तरी घेणारे पुष्कळ असतात. समोरच्या वस्तूपासून तात्पर्यसुद्धा न घेणे, आणि समोरच्या मुलाला तात्पर्य न देता नुसती ती वस्तूच देणे, हे मला त्याहून अवघड वाटते. शिकवणाराला सारांशाचा मोह फार असतो. ज्ञान देताना त्याच्या टोकाला आपण एक गाठ मारतो, आणि ती गाठ म्हणजे आपली सही असते. मिलार्डनी खण उघडले आणि सही केली नाही. याला उपासना म्हणावे काय? माझे मत, म्हणावे, असे आहे. देव मानणाऱ्याने जर सृष्टी देवाची मानली, तर तिचा कोणताही भाग आपल्या उपदेशाच्या सोयीसाठी नाही हेही त्याला मानणे भाग आहे. आणि देव न मानणाऱ्याला तर हे मानण्यात काहीच अडचण नाही. शास्त्रीबुवांना हे पटणार नाही. आनंद मिळाला की तेही फळच, असे ते म्हणतील, आणि नदीकाठी अण्णांच्या तोंडावर जो आनंद दिसे तो पाहता मी त्यांना निरुत्तर करू शकणार नाही.

फळ म्हणाल तर मिलार्ड यांना तेही पाहायला मिळाले. १९२० साली ते हिंदुस्थान सोडून गेले. सोसायटीच्या कचेरीत चिटणीसाच्या खुर्चीमागे सव्वीस वर्षे एक महाधनेश पाळलेला होता, त्याचे नाव विल्यम. दुरून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेली, आणि एकदा त्याने पेटती चिरूट गिळली तरी त्याला काही झाले नव्हते. तोही त्याच १९२० त तारेचा एक तुकडा गिळून मेला. संस्थेच्या बोधचिन्हावर आज जो पक्षी आहे तो त्याच्याच जातीचा. सालिम अलींचे हिंदुस्थानातील पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ त निघाले, आणि मिलार्ड वारले १९५२ त. उघडलेल्या खणांतून काय बाहेर पडले हे त्यांना विलायतेत बसून कळले असणार.

अण्णांना असे काही लाभले नाही. त्यांच्या रविवारच्या मुलांपैकी कोणी शास्त्रज्ञ झाला नाही. एक जण पोस्टात लागला, दोघे शिक्षक झाले, मी हे असले लिहीत बसलो. ते वारले तेव्हा दहाव्या दिवशी आम्ही पाचसहा जण घाटावर होतो. पुतण्याने पिंड मांडला. राखी मानेचे तीन-चार गावकावळे समोरच्या भिंतीवर बसून होते आणि एकही खाली उतरेना. ऊन चढू लागले. भटजींनी विचारले, काही इच्छा राहिली असेल का? पुतण्याने हात जोडून म्हटले, “अण्णा, तुमच्या वह्या रद्दीत घालणार नाही.” आणखी काही वेळ गेला. मग पलीकडच्या उंबरावरून एक कावळा आला, पिंडाला शिवला, आणि मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. वह्यांचे ऐकले म्हणून आले, असे कोणीतरी म्हणालेही. मान काळी होती, चोच जाड होती. तो डोमकावळा होता. घरी येऊन मी तारीख, वेळ आणि घाटाचे नाव वहीत लिहून ठेवले.